हाती लागलेल्या पहिल्या संदर्भापासून पुढे : विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधन कसं करावं

संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले बहुतेक जण ग्रंथालयाच्या शोधपट्टीत विषयाचं नाव टाकतात, हजारो निकालांची यादी समोर येते, त्यातले वरचे पाच-सात लेख उतरवून घेतात आणि वाचायला बसतात. महिन्याभराने मार्गदर्शक एखादा जुना, महत्त्वाचा निबंध पुढे ठेवून विचारतात, "हा कसा सुटला?" तो निबंध त्याच ग्रंथालयात असतो. शोधपट्टीने तो वर आणलेला नसतो, एवढंच.

ग्रंथालयातला शोध एकदा टाइप करून संपत नाही. एक चांगला संदर्भ हाती लागला की त्यावरून दुसऱ्याकडे, दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे जायचं असतं. विषयशीर्षकं, वर्गांक, सूची, तळटिपा आणि तिथे बसलेली जाणकार माणसं, हे सगळं अशी ये-जा सोपी व्हावी म्हणूनच आहे. या वाटा कशा वापरायच्या ते इथे क्रमाने सांगते. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेते: रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांची झोप. तुमचा विषय इतिहासातला असो की रसायनशास्त्रातला, पद्धत हीच.

१. जाण्याआधी विषयाचा प्रश्न करा

"रात्रपाळी आणि झोप" हा झाला विषय. त्यावर कितीही वाचलं तरी पुरं पडणार नाही. "कायम रात्रपाळी करणाऱ्या आणि आलटून-पालटून पाळ्या करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेत काय फरक असतो?" हा झाला प्रश्न. एखादं पुस्तक हातात घेतल्यावर ते कामाचं आहे की नाही, हे प्रश्न असेल तरच ठरवता येतं.

प्रश्न वहीत एका वाक्यात लिहा आणि त्याचे तुकडे पाडा. इथे तीन आहेत: परिचारिका, पाळी, झोप. प्रत्येक तुकड्याखाली त्याच अर्थाचे जमतील तेवढे शब्द लिहून काढा. पाळीखाली शिफ्ट वर्क, नाइट वर्क, रोटेटिंग शिफ्ट, कामाचे तास. झोपेखाली निद्रानाश, थकवा, जैविक घड्याळ, सर्केडियन ऱ्हिदम. जुन्या काळात वापरला जाणारा शब्दही लिहा, कारण शब्द बदलतात आणि जुने निबंध जुन्याच शब्दांखाली पडून असतात. यादी सुरुवातीला तोकडीच असते. वाचताना नवा शब्द भेटला की तिच्यात घाला. पुढचे कित्येक दिवस ही यादी तुम्हाला लागणार आहे, म्हणून सुट्या कागदावर लिहू नका.

विषय अगदीच नवखा असेल तर थेट शोधनिबंधांना हात घालू नका. संदर्भ विभागात जाऊन त्या शास्त्राचा विषयकोश किंवा हँडबुक काढा आणि आपल्या विषयावरची नोंद वाचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. विषयातल्या मुख्य संज्ञा, वादाचे मुद्दे, चार महत्त्वाची नावं आणि नोंदीखाली दिलेली वाचनसूची एवढं हाती येतं. ती वाचनसूची जाणकाराने निवडलेली असते, म्हणून शोधाचा पहिला धागा तिथूनच धरा.

२. पहिल्या दिवसाची किरकोळ वाटणारी कामं

ओळखपत्र करून घ्या. किती पुस्तकं, किती दिवसांसाठी मिळतात आणि नूतनीकरण कसं होतं हे देवघेव विभागात विचारून घ्या. ग्रंथालयाच्या आवाराबाहेरून डेटाबेस (नियतकालिकांतले लेख शोधायच्या ऑनलाइन सूची) कसे उघडायचे हे पहिल्याच दिवशी समजून घ्या आणि घरी जाऊन एकदा करून पाहा. अनेकांना हे माहीत नसतं. घरी लेखापुढे पैशांची मागणी दिसली की ते समजतात, लेख उपलब्धच नाही. विद्यापीठाच्या लॉगिनमधून गेलं तर तोच लेख विनामूल्य उघडतो, कारण त्याची वर्गणी ग्रंथालयाने आधीच भरलेली असते.

नव्या वाचकांसाठी परिचयवर्ग असेल तर तासभर बसा. तुमच्या विषयाचे ग्रंथपाल वेगळे नेमलेले असतील तर त्यांचं नाव आणि बसायची जागा टिपून ठेवा.

३. कॅटलॉग: पुस्तकाची नोंद नीट वाचा

ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग, म्हणजे ओपॅक, ग्रंथालयाकडे कोणती पुस्तकं, प्रबंध आणि नियतकालिकं आहेत ते सांगतो. नियतकालिकातला एकेक लेख त्यात सहसा नसतो. काही ग्रंथालयांनी पुस्तकं आणि लेख दोन्ही एका पट्टीत शोधायची सोय केलेली असते. आपल्यासमोरची पट्टी नेमकं कुठे शोधते आहे, हे आधी पाहून घ्या. ग्रंथालय जुनं असेल तर आणखी एक विचारा: सगळा जुना संग्रह संगणकावर चढवला आहे का? काही ठिकाणी थोडा भाग अजून कार्डांवरच असतो, आणि तो ओपॅकला दिसत नाही.

समजा, तुम्हाला पाळीच्या कामावरचं एक बऱ्यापैकी पुस्तक सापडलं. बहुतेक जण त्याचा बोधांक, म्हणजे कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, टिपून घेतात आणि कपाटाकडे निघतात. तसं न करता पूर्ण नोंद उघडा. तिच्यात विषयशीर्षकं दिलेली असतात. ही शीर्षकं सूचीकारांनी ठरावीक यादीतून निवडून लावलेली असतात. लेखकाने पुस्तकाच्या नावात कोणताही शब्द वापरलेला असो, एका विषयाच्या पुस्तकांना शीर्षक एकच. त्या शीर्षकावर क्लिक केलं की त्याच विषयावरची बाकीची पुस्तकं समोर येतात, ज्यांच्या नावात तुमचा शब्द औषधालाही नसतो. शोधपट्टीत शब्द बदलत राहण्यापेक्षा या वाटेने कितीतरी जास्त मिळतं.

आता बोधांक. पुस्तकाच्या पाठीवर जी चिठ्ठी असते, तिच्यातला वरचा आकडा म्हणजे वर्गांक. तो विषय सांगतो. खालची अक्षरं बहुधा लेखकाच्या नावावरून घेतलेली असतात. पुस्तकं विषयवार लावायची, मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश पद्धत जगभरात अनेक ग्रंथालयं वापरतात. काही ठिकाणी अक्षरांनी सुरू होणारी लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत असते, तर काही ठिकाणी भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३३ सालची द्विबिंदू पद्धत. तुमच्याकडे कोणती आहे ते विचारून घ्या.

दशांश पद्धतीत नवा माणूस एका जागी हमखास अडतो. व्यवसायजन्य आरोग्याचा वर्गांक ६१३.६२ आहे, शारीरिक तंदुरुस्तीचा ६१३.७. कपाटात ६१३.७ दिसला की वाटतं, सात आले, म्हणजे बासष्ट पुढे कुठेतरी असणार. मग माणूस पुढे पुढे जातो आणि पुस्तक जागेवर नाही असं समजून परततो. बिंदूनंतरचे आकडे दशांश आहेत, एकेक आकडा सुटा वाचायचा. सहा हा सातच्या आधी येतो, म्हणून ६१३.६२ हे ६१३.७ च्या आधी. ६१३.६ च्या लगेच पुढे पाहा, पुस्तक तिथे असेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तुमचा प्रश्न एका कपाटात मावत नाही. रात्रपाळीतल्या झोपेचंच पाहा. झोपेचं शरीरशास्त्र ६१२.८२१ मध्ये, झोपेचं मानसशास्त्र १५४.६ मध्ये, कामाचे तास अर्थशास्त्राच्या बाजूला ३३१.२५७ मध्ये, परिचर्या ६१०.७३ मध्ये आणि कामगारांचं आरोग्य ६१३.६२ मध्ये. एका प्रश्नाची पुस्तकं पाच ठिकाणी, त्यातली दोन तर बाकीच्यांपासून दूर, कदाचित वेगळ्या मजल्यावर. फक्त वैद्यकाच्या कपाटापाशी शोधणाऱ्याला कामगार-अर्थशास्त्रात या प्रश्नावर काय लिहिलं गेलं ते कळतच नाही. म्हणून कॅटलॉगमध्ये तीन-चार कामाची पुस्तकं सापडली की त्यांचे वर्गांक शेजारीशेजारी लिहा. ज्या ज्या कपाटांपाशी जायचं त्यांची यादी आपोआप तयार होते.

४. कपाटापाशी

हव्या त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडच्या दोन हातभर पुस्तकांवरून नजर फिरवा. ती त्याच विषयाची असल्यामुळेच तिथे आहेत. पुस्तक उघडलं की आधी अनुक्रमणिका, मग शेवटची शब्दसूची, मग संदर्भसूची. शब्दसूचीत तुमच्या यादीतले शब्द किती पानांवर आहेत ते पाहिलं की पुस्तक पूर्ण वाचायचं, एक प्रकरण वाचायचं की परत ठेवायचं हे पाच मिनिटांत ठरतं.

पाहून झालेलं पुस्तक स्वतः कपाटात घालू नका. टेबलावर किंवा त्यासाठी ठेवलेल्या ट्रॉलीत ठेवा. दोन खण इकडे-तिकडे झालेलं पुस्तक कॅटलॉगमध्ये "उपलब्ध" दिसत राहतं आणि पुढच्या वाचकाला काही केल्या मिळत नाही.

पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर आरक्षण करा. नुसतं "पुन्हा येऊन बघू" म्हणून निघालात तर ते परत आल्याचं तुम्हाला कळणार नाही.

५. लेखांचा शोध: डेटाबेसशी कसं बोलायचं

ताजं संशोधन आधी नियतकालिकांत येतं, आणि तिथे पोहोचायचं तर डेटाबेस वापरायला शिकावं लागतं. वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी पबमेड, शिक्षणशास्त्रासाठी एरिक, मानसशास्त्रासाठी सायकइन्फो, मानव्यविद्यांतल्या जुन्या अंकांसाठी जेस्टोर, सर्व विषयांसाठी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स. पबमेड आणि एरिक कुणालाही विनामूल्य आहेत. बाकीच्यांतलं काय काय तुमचं ग्रंथालय घेतं हे त्याच्या संकेतस्थळावर विषयवार दिलेलं असतं. गूगल स्कॉलरही जरूर वापरा, त्याची व्याप्ती मोठी आहे. पण त्याला विषयशीर्षकं नाहीत, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. त्याच्या सेटिंगमध्ये आपल्या ग्रंथालयाचं नाव जोडता येतं. जोडलंत की ग्रंथालयाकडे असलेल्या लेखांसमोर थेट दुवा दिसू लागतो.

आता वहीतली शब्दांची यादी काढा. नियम तीनच आहेत. एकाच तुकड्यातले समानार्थी शब्द "ऑर"ने जोडायचे आणि त्यांना कंस घालायचा. वेगवेगळे तुकडे "अँड"ने जोडायचे. जोडशब्द एकत्रच हवा असेल तर अवतरणचिन्हांत ठेवायचा. आपल्या प्रश्नाचा शोध मग असा दिसतो (प्रत्यक्षात हे इंग्रजी लिपीत, आणि अँड-ऑर मोठ्या अक्षरांत टाइप करायचे):

("शिफ्ट वर्क" ऑर "नाइट वर्क" ऑर "रोटेटिंग शिफ्ट") अँड (स्लीप ऑर इन्सोम्निया ऑर फटीग) अँड नर्स*

"ऑर" घातलं की निकाल वाढतात, "अँड" घातलं की कमी होतात. निकाल फारच थोडे आले तर एखाद्या कंसात आणखी समानार्थी शब्द घाला. फार आले तर आणखी एक तुकडा "अँड"ने जोडा. "नॉट" मात्र जपून वापरा. डॉक्टरांवरचे लेख नकोत म्हणून "नॉट डॉक्टर" लिहिलंत, तर परिचारिका आणि डॉक्टर यांची तुलना करणारा नेमका कामाचा लेखही गळून जातो.

शेवटच्या शब्दापुढची तारका पाहिलीत? इंग्रजी एन-यू-आर-एस या चार अक्षरांपुढे तारका दिली की नर्स, नर्सेस, नर्सिंग सगळं एकदम येतं. पण त्याच चार अक्षरांनी नर्सरीही सुरू होते, म्हणून बालवाडीतल्या मुलांच्या दुपारच्या झोपेवरचा लेखही निकालात डोकावू शकतो. आमच्या उदाहरणात दुसरे कंस त्याला बहुधा बाहेर ठेवतात. तरी तारका कुठे द्यायची ते प्रत्येक वेळी अक्षरं मोजून ठरवा.

सुरुवातीला सांगितलेली गोष्ट इथेही लागू आहे: एक चांगला लेख सापडला की त्याची नोंद उघडून त्याला कोणती विषयशीर्षकं लावली आहेत ते पाहा. पबमेडमध्ये ही शीर्षकं मेश नावाच्या कोशातून येतात. तिथे "शिफ्ट वर्क शेड्यूल" असं शीर्षक आहे, आणि "वर्क शेड्यूल टॉलरन्स" असंही एक आहे. हे दुसरं शीर्षक बसल्या जागी कुणालाही सुचणार नाही. एका लेखाच्या नोंदीत ते दिसलं की त्यानेच पुन्हा शोध घ्या. मग ज्या लेखांनी तुमचा एकही शब्द वापरलेला नाही, तेही समोर येतात. पहिला शोध हा खरं तर चांगला शोध कसा घ्यायचा हे कळण्यासाठीच असतो.

६. ग्रंथपालांना काय विचारायचं

नवे संशोधक ग्रंथपालांकडे जायला कचरतात. इतकी साधी गोष्ट कशी विचारायची, असं वाटतं. पण ते त्यांचं काम आहे आणि ते त्यात मुरलेले असतात. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र "वाचकाचा वेळ वाचवा" हे आहे. संदर्भ विभागातलं टेबल त्यासाठीच मांडलेलं असतं.

फक्त प्रश्न नीट न्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, झोपेवर काही आहे का?" त्यांनी मान वर करून मलाच विचारलं, "कुणाच्या झोपेवर? तुम्ही आत्तापर्यंत कुठे कुठे शोधलंत? आणि त्यातलं सर्वात चांगलं काय मिळालं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी कशीबशी दिली. तिसऱ्याला मी पिशवीतून एका लेखाची प्रत काढून दाखवली. त्यांनी ती उलटी केली, शेवटच्या पानावरची संदर्भसूची बोटाने वरून खाली पाहिली आणि एका नियतकालिकाच्या नावावर बोट ठेवलं. "हे चारदा आलंय. याचे बांधीव खंड खाली आहेत. आधी तिथे जा." त्या एका वाक्याने माझे दोन आठवडे वाचले असतील.

तेव्हापासून जाताना मी तीन गोष्टी बरोबर नेते: एका वाक्यातला प्रश्न, आत्तापर्यंत घेतलेल्या शोधांची नोंद आणि सापडलेला सर्वात चांगला लेख. तुम्हीही न्या.

७. एका लेखावरून मागे आणि पुढे

माझ्या मते सबंध पद्धतीत सर्वात जास्त फळ देणारी पायरी हीच.

मागे जायचं म्हणजे लेखाची संदर्भसूची वाचायची. तिच्यात त्याआधीचं संशोधन असतं. सगळे संदर्भ मिळवत बसू नका. लेख वाचताना ज्या ठिकाणी लेखक "हे प्रथम दाखवलं गेलं ते..." किंवा "याच्या उलट..." असं म्हणतो, तिथला आकडा गोल करा. मूळ काम आणि विरोधी काम, या दोन प्रकारचे संदर्भ आधी काढा. तीन-चार वेगवेगळ्या लेखांनी एकच जुना निबंध सांगितला असेल तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुरुवातीला म्हटलेला, मार्गदर्शकांनी दाखवलेला निबंध बहुतेक वेळा असाच असतो.

पुढे जायचं म्हणजे हा लेख नंतर कुणी कुणी उद्धृत केला ते पाहायचं. छापील संदर्भसूची फक्त मागे नेते. नंतर काय झालं हे कळावं म्हणून यूजीन गारफिल्ड यांनी उद्धरणांची सूची तयार केली, आणि त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ पासून निघू लागली. आजची वेब ऑफ सायन्स तिच्यातूनच वाढली. आता गूगल स्कॉलरमध्ये लेखाखालच्या "सायटेड बाय"वर क्लिक केलं की ते काम होतं. तिथली यादी लांबलचक असेल तर त्याच यादीत शोधायची सोय वापरा. म्हणजे मूळ लेख झोपेचा असेल, तर तो उद्धृत करणाऱ्यांपैकी फक्त परिचारिकांवरचे लेख वेगळे काढता येतात.

ताज्या आढावा-लेखांपासून सुरुवात केली तर ही मागे-पुढे फेरी फार लवकर होते. आढावा घेणाऱ्याने शेकडो निबंध आधीच चाळलेले असतात. पण आढाव्यात लिहिलंय म्हणून मूळ निबंध न वाचता त्याचा हवाला देऊ नका. आढावा लिहिताना मूळ निष्कर्ष थोडासा वाकलेला असतो, हे मूळ निबंध काढल्यावरच कळतं.

८. जे मिळत नाही ते

लेख उघडत नसेल तर एवढ्यावर सोडून देऊ नका, आणि स्वतःच्या खिशातून पैसेही भरू नका. आधी लेखाचा डीओआय ग्रंथालयाच्या लेख शोधणाऱ्या पट्टीत टाकून पाहा. बहुतेक नव्या लेखांना दिलेला हा कायमचा क्रमांक असतो, "१०" आणि बिंदूने सुरू होतो. दुवे तुटतात, पण डीओआय टिकतो. मग लेखकाच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात स्वीकृत मसुद्याची (नियतकालिकाने स्वीकारलेल्या, पण अजून न छापलेल्या रूपाची) प्रत ठेवलेली आहे का पाहा. अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचं विनामूल्य साधन अशा कायदेशीर प्रती शोधून देतं. तिथेही नसेल तर लेखकाला दोन ओळींचं नम्र पत्र पाठवा. आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा लेखकांना आनंद असतो.

हे सगळं करून झालं की आंतरग्रंथालयीन देवघेव. तुमच्या ग्रंथालयाकडे नसलेलं पुस्तक किंवा लेखाची प्रत दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवून देतात. पुस्तक कुठे आहे हे शोधायला वर्ल्डकॅट ही अनेक ग्रंथालयांची एकत्र सूची उपयोगी पडते. पुस्तकाची विनंती करताना आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा क्रमांक, द्या, म्हणजे नेमकी तीच आवृत्ती येईल. यायला वेळ लागतो, म्हणून ही विनंती लेखनाच्या टप्प्यावर नाही, शोधाच्या टप्प्यावरच करा.

हस्तलिखितं, दुर्मिळ पुस्तकं, जुनी कागदपत्रं लागणार असतील तर विशेष संग्रहाचे नियम वेगळे असतात. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, काय पाहायचं ते आधी कळवावं लागतं, आणि टिपणं बहुतेक ठिकाणी फक्त पेन्सिलीने काढता येतात. शाईचा एक ठिपका शंभर वर्षांचा कागद खराब करू शकतो.

९. बांधीव खंड का उघडावेत

सगळं पडद्यावर मिळत असताना एकत्र बांधून ठेवलेले जुने अंक पाहायला तळघरात कशाला जायचं, असं विचारणाऱ्यांना मी एक अनुभव सांगते. एका जुन्या निबंधातला तक्ता माझ्या कामासाठी महत्त्वाचा होता. त्याची स्कॅन केलेली प्रत माझ्याकडे होती आणि आकडे मी उतरवूनही घेतले होते. पण शेवटच्या स्तंभातला एक आकडा पुसट आला होता, म्हणून मूळ छापील खंड काढायला खाली गेले. आकडा मिळाला. खंड मिटण्याआधी पुढची पानं सहज चाळली, तर दोन अंक पुढे वाचकांच्या पत्रव्यवहारात एका संशोधकाचं पत्र होतं: या तक्त्यात दोन स्तंभांची शीर्षकं अदलाबदल झाली आहेत. खाली लेखकांचं उत्तर, चूक मान्य. मी उतरवून घेतलेले सगळे आकडे उलटे होते. माझ्याकडच्या स्कॅनमध्ये या पत्राचा मागमूस नव्हता, कारण स्कॅन फक्त त्या लेखाच्या पानांचं होतं.

म्हणून ज्या निबंधावर तुमचा युक्तिवाद उभा आहे, त्याच्या बाबतीत एवढं तरी कराच: पुढच्या काही अंकांतला पत्रव्यवहार आणि शुद्धिपत्र पाहा. निबंध मागे घेतलेला नाही ना, हेही तपासा. पबमेडमध्ये मागे घेतलेल्या निबंधावर तशी खूण असते. लॅन्सेटमध्ये १९९८ साली छापलेला, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा निबंध त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मधली बारा वर्षं तो उद्धृत होत होता, आणि मागे घेतल्यावरही काहींनी तो खरा धरून चालवला.

नियतकालिक तज्ज्ञपरीक्षित आहे का, म्हणजे छापण्याआधी त्यातले लेख त्या विषयाचे तज्ज्ञ तपासतात का, संपादक मंडळात खरी माणसं आहेत का, हेही पाहायला हवं. आणि संगणकावरच्या संभाषण-साधनांनी (एआय चॅटबॉटनी) दिलेला संदर्भ कॅटलॉगमध्ये किंवा डीओआयने प्रत्यक्ष सापडेपर्यंत तो अस्तित्वात आहे असं धरू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख मात्र कुणी कधी लिहिलेलाच नाही, असे संदर्भ ती साधनं तयार करतात.

१०. नोंदी: वाचत असतानाच

दोन प्रकारच्या नोंदी ठेवा. एक शोधाची: कोणत्या दिवशी, कोणत्या डेटाबेसमध्ये, नेमके कोणते शब्द घालून शोधलं, किती निकाल आले, त्यातले किती घेतले. चार महिन्यांनी शोध अद्ययावत करताना आणि प्रबंधात पद्धत लिहिताना ही नोंद जशीच्या तशी कामाला येते.

दुसरी वाचनाची. झोटेरोसारखं विनामूल्य साधन पहिल्या दिवसापासून वापरा. ब्राउझरमधल्या एका क्लिकवर संदर्भ साठतो आणि लिहिताना हव्या त्या शैलीत सूची तयार होते. पण साधन फक्त लेखकाचं नाव, वर्ष आणि शीर्षक सांभाळतं, तेही अधूनमधून चुकीचं, म्हणून साठवल्या साठवल्या नजरेखालून घाला. कोणत्या पानावर काय आहे हे तुम्हालाच लिहावं लागतं. मी सुरुवातीच्या काळात एक सुंदर वाक्य पान क्रमांकाशिवाय उतरवून घेतलं होतं. लिहिताना ते हवं झालं, तोवर पुस्तक परत गेलं होतं. ते पुन्हा मिळून पान सापडेपर्यंत प्रकरण अडून राहिलं. आता पान क्रमांक आधी लिहिते, वाक्य नंतर.

शब्दशः उतरवलेलं असेल तर अवतरणचिन्हं त्याच क्षणी घाला. स्वतःच्या शब्दांत लिहिलं असेल तर तसं नोंदवा आणि स्वतःचं मत असेल तर वेगळ्या रंगात लिहा. वाङ्मयचौर्याची कितीतरी प्रकरणं वाईट हेतूतून येत नाहीत, सहा महिन्यांपूर्वीच्या टिपणात आपलं वाक्य कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं हे न कळल्यामुळे येतात.

११. कधी थांबायचं

नवे संदर्भ येतच राहतात, म्हणून "सगळं झालं" असा दिवस कधी उगवत नाही. पण एक खूण दिसू लागते. नव्या लेखाची संदर्भसूची उघडली की त्यातली बहुतेक नावं ओळखीची असतात. मागे गेलं तरी तेच निबंध, पुढे गेलं तरी तेच, आणि वेगळ्या डेटाबेसमध्ये वेगळ्या शब्दांनी शोधलं तरी वरच्या वीस निकालांतले पंधरा आधीच वाचलेले. असं दोन-तीनदा लागोपाठ झालं की शोध थांबवून लिहायला बसा.

बसण्याआधी दोन कामं उरकून घ्या. ज्या डेटाबेसमधला शोध सर्वात उपयोगी ठरला, तिथे तो जतन करून सूचना सुरू करा, म्हणजे नवा लेख आला की ईमेल येईल. महत्त्वाच्या दोन-तीन निबंधांना कुणी उद्धृत केलं तर कळावं, अशीही सूचना लावता येते. आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातली जी पुस्तकं आता लागणार नाहीत ती परत करा. त्यांतल्या एखाद्यासाठी कुणीतरी आरक्षण करून वाट पाहत असेल.